नेपेंथिस की सारासेनिया? घटपर्णी घरी आणण्याआधी

घटपर्णी, म्हणजे पानांच्या घटांत किडे पकडणारं झाड, घ्यायला निघालेला माणूस सहसा घट बघूनच ठरवतो. एका कुंडीत पानांच्या टोकांना लालसर सुरया लोंबत असतात, शेजारच्या कुंडीत जाळीदार नक्षीच्या पांढऱ्या-हिरव्या तुताऱ्या ताठ उभ्या असतात. जी डोळ्यांत भरते ती घरी येते. पुढे दोन-तीन महिन्यांत घट एकेक करून वाळतात, नवे येत नाहीत, आणि ‘हे झाड फार नाजूक’ असा शेरा बसतो. झाड नाजूक नसतं. ते चुकीच्या घरी गेलेलं असतं.

माझ्याकडे बरीच वर्षं दोन्ही आहेत. लोंबत्या सुरयांची नेपेंथिस खिडकीत टांगलेली आहे, उभ्या नळ्यांची सारासेनिया उघड्यावर, पाण्याच्या ट्रेमध्ये. दोघींची जागा बदलली तर दोघीही खंगतील, हे मी करून बघितलेलं आहे. म्हणून कोणती सुंदर हा प्रश्न बाजूला ठेवून दोनच गोष्टी आधी विचारा: तुमच्याकडे थेट ऊन किती तास येतं, आणि तुमच्याकडे हिवाळा किती थंड असतो? बाकीचं सगळं मागाहून जमवता येतं. या दोन गोष्टी विकत आणता येत नाहीत.

दिसायला बहिणी, नात्याने परक्या

मराठीत घटपर्णी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नेपेंथिस येते, पण सारासेनियालाही लोक त्याच नावाने ओळखतात. खरं तर दोघींचं नातं फार लांबचं. वनस्पतींच्या वंशावळीत नेपेंथिस निवडुंग आणि बोगनवेलीच्या गणात बसते, तर सारासेनिया चहा आणि रोडोडेंड्रॉनच्या. पानाचा सापळा करून किडे पकडण्याची युक्ती दोघींनी आपापल्या ठिकाणी, आपापल्या वाटेने साधली.

नेपेंथिस उष्ण कटिबंधातली. बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपीन्स ही तिची मुख्य घरं. पश्चिमेला ती थेट मादागास्करपर्यंत आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कपर्यंत पोचते. आपल्याकडची नेपेंथिस खासियाना मेघालयाच्या डोंगरांत वाढते. गारो लोक तिला ‘मेमंग कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. सारासेनिया उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिच्या बहुतेक जाती अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीत आहेत, आणि एक जात, सारासेनिया पर्प्युरिया, वर कॅनडातल्या बर्फाळ दलदलींपर्यंत गेलेली आहे. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर या प्रांताचं ते राज्यपुष्पच आहे.

हा भूगोल कुंडीत उतरतो. एकीला बारमाही सारखं ऊबदार आणि दमट हवं. दुसरीला उन्हाळ्यात रणरणतं ऊन आणि हिवाळ्यात गारठा, दोन्ही हवं.

पाणी: इथे दोघींचं एकमत

दोघी अशा जमिनीत वाढतात जिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच. किडे खायचे ते त्यासाठी. म्हणून त्यांच्या मुळांना क्षारांची सवय नाही. नळाचं किंवा विहिरीचं जड पाणी सामान्य झाडाला काही करत नाही. घटपर्णीला ते हळूहळू मारतं. आधी कुंडीत मातीऐवजी भरलेल्या मिश्रणाच्या वर पांढुरकी पापडी दिसते, मग पानांच्या कडा तपकिरी होतात, मग वाढ थांबते. याला काही महिने लागतात, त्यामुळे दोष पाण्याचा आहे हे लक्षातच येत नाही.

पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. पाण्यातले क्षार मोजायचा छोटा टीडीएस मीटर मिळतो, तो घेऊन ठेवा. आकडा ५० पीपीएमच्या आत असेल तर बिनघोर. १०० पर्यंत चालवून घेता येतं, पण मग अधूनमधून शुद्ध पाणी भरपूर ओतून मिश्रण धुऊन काढावं लागतं. एक सावधगिरी: घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते. त्यामुळे ‘आरओचं आहे’ म्हणून डोळे मिटून घालू नका, मोजून बघा. एसीतून ठिबकणारं पाणी क्षारांच्या दृष्टीने शुद्ध असतं, पण ते धुळीच्या धातूच्या जाळीवरून येतं. गरजेला वापरलं तर चालतं, रोजचं पाणी म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

पाणी कोणतं यावर एकमत. पाणी कसं द्यायचं यावर मात्र दोघी विरुद्ध टोकांना आहेत. सारासेनिया दलदलीतली. तिची कुंडी वाढीच्या काळात दोन ते पाच सेंटिमीटर पाण्यात उभी ठेवायची, आणि ट्रे कोरडा पडू द्यायचा नाही. ज्यांना रोज पाणी घालायचं सुचत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे: ट्रे भरला की उन्हाळ्यातही दोन-चार दिवस निश्चिंत. नेपेंथिसला अशी पाण्यात उभी केली तर मुळं कुजतात. तिला वरून पाणी द्यायचं, ते खालून निथळून गेलं पाहिजे, आणि वरचा थर थोडा सुकू लागला की पुन्हा द्यायचं. ओलसर पण हवेशीर. हा तोल बोटाने चाचपूनच कळतो.

साचलेल्या पाण्याची गोष्ट निघाली की डासांचा विषय येतोच. सारासेनियाच्या ट्रेमध्ये डास अंडी घालू शकतात. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका, ट्रे घासा आणि ताजं पाणी भरा. अळ्यांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही. नेपेंथिसला ट्रेच नाही, त्यामुळे ती काळजीही नाही.

ऊन: पहिला निकाल इथे लागतो

सारासेनियाला थेट ऊन हवं. रोज किमान सहा तास, आणि जास्त मिळालं तर उत्तमच. ‘खोली भरपूर उजेडाची आहे’ हे तिच्या कामाचं नाही. माझी पहिली सारासेनिया मी दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीत ठेवली होती. आपल्या डोळ्यांना तिथे लख्ख उजेड वाटायचा. महिन्याभरात नव्या नळ्या आल्या त्या लांबच लांब, फिकट आणि इतक्या लेच्यापेच्या, की काठीचा आधार द्यावा लागला. तोंडापाशी लाल शिरांचं जाळं असायला हवं होतं, तिथे नुसता पोपटी रंग. तीच कुंडी गच्चीवर नेली, तेव्हा त्या जुन्या नळ्या काही सुधारल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला आलेल्या नळ्या बुटक्या, जाड आणि ताठ होत्या, आणि शिरा रक्तासारख्या लाल. झाड तेच, मिश्रण तेच, पाणी तेच.

नेपेंथिसचं उलट आहे. जंगलाच्या कडेला, दुसऱ्या झाडांच्या आधाराने चढणारी ही वेल. तिला भरपूर पण गाळून आलेला उजेड आवडतो. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि उरलेला दिवस चांगला उजेड, एवढ्यावर ती मजेत राहते. दुपारचं कडक ऊन थेट पडलं तर पानं लालसर होतात, मग करपतात. उजेड कमी पडला तर पानं मात्र छान हिरवीगार, मोठी येत राहतात, आणि घट येत नाहीत. ही खूण नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण झाड तब्येतीने उत्तम दिसत असतं आणि मालकाला कळत नाही की बिघडलंय काय.

उजेड अगदीच कमी असेल तर एलईडी ग्रो लाइटखाली नेपेंथिस उत्तम वाढते, रोज बारा-चौदा तास दिवा लावला की झालं. सारासेनियालाही दिव्याखाली वाढवणारे आहेत, पण उंच झाडाला वरपासून खालपर्यंत पुरेल इतका प्रखर उजेड द्यायचा म्हणजे मोठा खटाटोप. गच्ची, अंगण किंवा दिवसभर ऊन येणारी बाल्कनी नसेल तर सारासेनियाचा विचार सोडून द्या, असं मी स्पष्ट सांगेन.

हिवाळा: आणि शेवटचा निकाल इथे

सारासेनियाला झोप लागते. दिवस लहान झाले, रात्री दहा अंशांच्या खाली जाऊ लागल्या की ती वाढ थांबवते. नळ्या वरून वाळत खाली येतात. काही जाती या सुमारास चपटी, तलवारीसारखी साधी पानं काढतात, ज्यांत सापळा नसतो. तीन-चार महिने झाड असं मलूल दिसतं. नवखा माणूस इथे घाबरतो आणि कुंडी घरात उबेला आणतो. नेमकं हेच करायचं नाही. ट्रेमधलं पाणी कमी करायचं, मिश्रण फक्त ओलं ठेवायचं आणि तिला निजू द्यायचं. हलकं हिमकण पडण्याइतपत थंडी बहुतेक जाती सोसतात. पर्प्युरिया तर गोठूनही जगते.

ही झोप मिळाली नाही तर? पहिल्या वर्षी फारसं जाणवत नाही. दुसऱ्या वर्षी वाढ खुरटते. मग एखाद्या उन्हाळ्यात झाड काही कारण न देता बसतं. कायम उष्ण हवेत राहणारे काही हौशी लोक गड्डा मिश्रणातून काढून, धुऊन, ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या शेवाळात, गुंडाळून पिशवीत घालतात आणि तीन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. हे जमतं. पण बुरशी लागतेय का ते दर पंधरवड्याला उघडून बघावं लागतं, आणि दरवर्षी हे करायची तयारी हवी. मेक्सिकोच्या आखाताजवळच्या सखल भागातल्या जाती, उदाहरणार्थ ल्युकोफायला आणि जमिनीलगत पसरणारी सिटासिना, सौम्य हिवाळ्यावर भागवून घेतात. हिवाळा जेमतेम असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करा.

नेपेंथिसला झोप नाही. बाराही महिने एकेक पान काढत राहते, थंडीत फक्त वेग मंदावतो. पण तिच्यातही दोन घराणी आहेत आणि हे बघितल्याशिवाय घेऊ नये. सखल प्रदेशातल्या जातींना दिवसा तीसच्या आसपास आणि रात्रीही वीसच्या वर तापमान लागतं. उंच डोंगरांवरच्या जातींना दिवसा वीस ते पंचवीस आणि रात्री बारा ते पंधरापर्यंत उतार हवा असतो; हा रात्रीचा गारवा मिळाला नाही तर त्या झुरतात. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरची नेपेंथिस राजा बघून सगळ्यांचंच मन जातं. तिच्या घटात कधीकधी लिटर-दोन लिटर द्रव मावतो. पण ती डोंगरावरची आहे, अतिशय सावकाश वाढते, आणि गरम घरात तिचे हालच होतात. पहिली घटपर्णी म्हणून तिचा विचार नको.

थोडक्यात जुळवून बघायचं तर असं: घर वर्षभर ऊबदार, ऊन खिडकीतून गाळून येणारं, असं असेल तर नेपेंथिस. उघड्यावर भरपूर ऊन आणि खरीखुरी थंडी असेल तर सारासेनिया. ऊन भरपूर पण थंडी मुळीच नाही, अशा ठिकाणी मी सावलीच्या जाळीखाली सखल प्रदेशातली नेपेंथिस ठेवेन. आणि थंडी भरपूर पण उघडी जागा नाही, तर नेपेंथिसच, खोलीच्या आत, दिव्याखाली.

दमट हवा

सारासेनियाला हवेतल्या आर्द्रतेचं फार पडलेलं नाही, मुळं ओली असली की पुरे. नेपेंथिसला साधारण पन्नास-साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी. त्याखाली पान येतं, पानाच्या टोकाची तार लांबते, तिच्या शेवटी कळीसारखा छोटा घटही धरतो, आणि मग तो तिथेच वाळतो. पानांवर फवारा मारल्याने होणारा ओलावा अर्ध्या तासात उडून जातो, त्यावर विसंबू नका. झाडांचा घोळका करून ठेवणं, खाली खड्यांच्या थाळ्यात पाणी ठेवणं, एसी आणि पंख्याच्या झोतापासून दूर ठेवणं याचा जास्त उपयोग होतो. फार कोरड्या हवेत काचेची पेटी किंवा जुनी मत्स्यपेटी घ्यावी लागते, पण तिच्यात हवा खेळती हवी, नाहीतर बुरशी येते.

नवं झाड घरी आणल्यावर त्यावरचे घट वाळले तर मात्र घाबरू नका. नर्सरीच्या दमट हवेत तयार झालेले घट घरच्या हवेत टिकत नाहीत. पुढची पानं घरच्या हवेच्या सवयीने येतात.

शिकार कशी होते

खरं सांगायचं तर दोन्ही झाडं ठेवण्याचा आनंद इथे आहे, आणि या बाबतीत मला निवड करता येत नाही.

नेपेंथिसचा घट म्हणजे पानाचंच टोक. टोकाची तार खाली झुकते, तिचं टोक फुगतं, वर वळतं. कित्येक दिवस झाकण घट्ट बंद असतं आणि आत द्रव तयार झालेला असतो. उजेडासमोर धरलं तर बाहेरूनही त्याची पातळी दिसते. मग एका सकाळी झाकण सुटतं. त्या दिवशी घटाचा काठ मऊ, फिकट आणि आत दुमडलेला असतो. पुढच्या काही दिवसांत तो बाहेर वळत जातो, रंगतो, आणि त्याच्यावर बारीक सऱ्या उमटतात, शिंपल्यावर असतात तशा. सगळी करामत या काठाची. कोरड्या दुपारी मुंग्या त्याच्यावर खुशाल फिरतात, मध चाटतात आणि परत जातात. मी भिंगातून बघत बसलोय: सहा मुंग्या आल्या, सहाही सुखरूप गेल्या. संध्याकाळी हवा दमट झाली, काठावर पाण्याचा पातळ थर धरला, आणि तोच रस्ता निसरडा झाला. पहिलीचा पाय सुटला, मागची तिच्या वाटेने आली, तीही आत. दुपारी सुटलेल्यांनीच बाकीच्यांना वाट दाखवलेली असते.

सारासेनियात वेगळं चालतं. नळीच्या बाहेरून तोंडाकडे मधाची पायवाट जाते. तोंडाशी गुळगुळीत उतार, आणि आत खालच्या दिशेने वळलेले केस. आत जाता येतं, वर येता येत नाही. तिचं भक्ष्य मोठं असतं, माश्या, गांधीलमाश्या, पतंग. शरदात एक वाळलेली नळी मी ब्लेडने उभी चिरली होती. तळापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत काळा, दाबून भरल्यासारखा गठ्ठा होता, पंख, पाय आणि चकचकीत हिरव्या माश्यांची कवचं. इतकी की नळीला आतून ओल्या खताचा वास येत होता. पर्प्युरियाचं तोंड मात्र आकाशाकडे उघडं असतं, पावसाचं पाणी साठतं, आणि पचनाचं बरंचसं काम त्या पाण्यातले जीवजंतू करतात.

नेपेंथिसच्या काही जाती तर किड्यांच्या पलीकडे गेल्या आहेत. बोर्निओतली नेपेंथिस लोवी डोंगरी चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या ‘ट्री श्रू’ या प्राण्याला झाकणावरचा गोड स्राव चाटू देते आणि त्या बदल्यात त्याची विष्ठा घटात पडते. नत्र मिळतं ते त्यातून. नेपेंथिस हेम्सलेयानाच्या घटात छोटी वटवाघळं दिवसा झोपतात. अँप्युलारिया तर झाकण मागे टाकून वरून गळणारा पालापाचोळाच झेलते.

घरात भरवायचं का? उघड्यावर ठेवलेल्या सारासेनियाला कधीच गरज पडत नाही. तिला आवरावं लागतं इतकं ती खाते. खिडकीतल्या नेपेंथिसला महिन्यातून एखाद-दुसऱ्या घटात वाळवलेला छोटा किडा किंवा माशांच्या खाद्यातले वाळके ब्लडवर्म टाकले तर वाढ चांगली होते. नाही टाकलं तरी झाड मरत नाही, सावकाश वाढतं. १८७४ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी नेपेंथिसच्या घटांत अंड्याचा पांढरा भाग, मांस आणि कूर्चा घालून पचन तपासलं होतं. तो प्रयोग होता. घरी मांसाचे तुकडे, चीज, दूध यातलं काहीही घालू नका. घट कुजतो आणि घाण वास सुटतो. आणि घरातल्या माश्या-डास कमी होतील या आशेने यातली कोणतीही घेऊ नका, तेवढी त्यांची क्षमता नसते.

एक छोटी गोष्ट: वाहतुकीत नेपेंथिसचा द्रव सांडला असेल तर घट पाव ते एक-तृतीयांश भरेल इतकं डिस्टिल्ड पाणी घालता येतं. काठोकाठ भरू नका. सारासेनियाच्या उंच नळ्यांत मात्र बाहेरून पाणी घालायचं नसतं. वजनाने त्या लवंडतात.

मिश्रण आणि कुंडी

बागेची माती, शेणखत, गांडूळखत, यातलं काहीही दोघींना चालत नाही. सारासेनियाला पीट मॉस (दलदलीत कुजून साठलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे, हलके खडे) समसमान. नेपेंथिसला लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, त्यात पर्लाइट आणि ऑर्किडसाठी मिळते ती झाडाची साल, म्हणजे मिश्रण भुसभुशीत राहतं. कोकोपीट स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून लोक वापरतात. पण त्यात मीठ असू शकतं. शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस खाली येईपर्यंत धुतलं तरच वापरा. पिशवीवर ‘खत मिसळलेलं’ असं कुठे लिहिलेलं असेल तर ते पीट घेऊ नका. कुंडी प्लास्टिकची, कारण मातीची कुंडी पाण्यातले क्षार धरून ठेवते.

सारासेनियाची कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, झोप संपता संपता बदलायची. त्याच वेळी गड्डा हाताने मोडून एकाची दोन-तीन झाडं होतात. नेपेंथिस वाढीला मोकळी आहे. ती वेल आहे हे विसरू नका: दोन-तीन वर्षांत खोड लांबत जातं, वरचे घट लांबट आणि फिकट येतात, आणि खालचे गोलसर, रंगीत घट दिसेनासे होतात. तेव्हा शेंडा कापून स्फॅग्नममध्ये कलम लावायचं. जुन्या खोडाला खालून नवे फुटवे येतात आणि त्यांच्यावर पुन्हा ते भरदार घट. छाटायला हात धजत नाही, पण छाटावंच.

बियांपासून वाढवायचा मोह दोन्हीकडे टाळा. सारासेनियाच्या बियांना आधी महिनाभर ओली थंडी द्यावी लागते आणि पूर्ण झाड व्हायला चार-पाच वर्षं जातात. नेपेंथिसची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे घरी बी धरायला दोन्ही हवीत, तीही एकाच वेळी फुललेली. फुलांचं म्हणाल तर सारासेनियाची फुलं बघण्यासारखी असतात, वसंतात नळ्यांच्या आधी येतात, उलट्या छत्रीसारखी लोंबतात. नेपेंथिसचा तुरा साधा.

कीड दोघींवर सारखीच: मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण, खवले कीड. रोज जाता-येता कोवळा शेंडा बघायची सवय ठेवा. थोडी असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा. साबणाचं पाणी सरसकट फवारू नका, घटपर्णीला ते सोसेलच असं नाही.

पहिली कोणती घ्यावी

नेपेंथिस ठरली असेल तर ‘व्हेंट्राटा’ हा संकर. तापमानाची, आर्द्रतेची बरीच ओढाताण सोसतो आणि घट भरपूर देतो. मोठे, चट्टेरी घट हवे असतील तर ‘मिरांडा’. तिला जागा जास्त लागते. खासियानाही घरात चांगली रमते, पण तिच्याबद्दल जपून राहायला हवं. जंगलातून ओरबाडल्यामुळे ती धोक्यात आहे आणि साइट्स या, धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. इतर सगळ्या नेपेंथिसही साइट्सखाली आहेत, राजा तर पहिल्याच परिशिष्टात. म्हणून रोपवाटिकेत कलमाने किंवा ऊतिसंवर्धनाने तयार केलेलंच रोप घ्या. पानांवर ओरखडे, मुळांना चिकटलेली रानमाती, वय जास्त पण मुळं तुटलेली, असं दिसलं तर ते जंगलातून उपटलेलं असायची शक्यता आहे. ते घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी. ते जगतही नाही.

सारासेनिया ठरली असेल तर थंड प्रदेशात पर्प्युरिया: बुटकी, चिवट, वाऱ्याने न पडणारी. उंच हवी असेल तर फ्लावा, जिच्या पिवळ्या नळ्या वसंतात सर्वांत सुंदर असतात. ल्युकोफायलाची पांढरी जाळी मात्र शरदात खुलते. दोन्ही ठेवल्या तर अख्खा हंगाम काही ना काही बघायला मिळतं. संकर बहुतेक चांगले निघतात, मूळ जातींपेक्षा जोमदार.

एवढं वाचून कुणी सेफॅलोटसबद्दल विचारेल. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातली ती बोटाच्या पेराएवढ्या घटांची झाडं फारच गोड दिसतात. पण ती धडधाकट दिसत असतानाच अचानक बसतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. ती आणि दक्षिण अमेरिकेच्या टेपुई पठारांवरची हेलिअँफोरा, दोन्ही वर्ष-दोन वर्षं हात बसल्यानंतर.

रोप निवडताना घटांची संख्या मोजू नका. शेंड्याकडे बघा. नेपेंथिसमध्ये सर्वांत नवं पान त्याच्या आधीच्या पानाइतकं किंवा मोठं असेल तर झाड चढत्या तब्येतीचं. सारासेनियात गड्डा बोटाने दाबून बघा, टणक लागला पाहिजे. घरी आणल्यावर महिनाभर कुंडी बदलू नका, जागा सारखी हलवू नका, आणि नेपेंथिसचा घट वाळला म्हणून हिरवं पान कापू नका. ते पान अजून झाडाला पोसतंय. वाळलेला घट तेवढा कात्रीने काढा. मग पुढच्या पानाच्या टोकावर लक्ष ठेवा. तारेच्या शेवटी तांदळाच्या दाण्याएवढी फुगवटी आली आणि आठवड्याभरात ती वाळण्याऐवजी वर वळायला लागली, की कुंडी तिथेच राहू द्या.